मला सोडून सगळ्यांना माहीत होतं

टोरांटोतला माझा शेवटचा दिवस गुरुवारचा होता. त्या गुरुवारी सकाळी साडेसहाला, मी अजून अंथरुणात लोळत होते तेव्हा, इकडे कल्याणला माझी आई गेली. हे मी आधीच सांगून टाकते. मला ते शनिवारी सकाळी कळलं, आणि मधल्या वेळात लोकांनी माझ्याशी जे केलं ते मला कुणाशीही करायचं नाहीये. वाचणाऱ्याशीही नाही.

त्या दिवशी मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याला माहीत होतं, दादा-वहिनीला तर होतंच, ठाण्याला वर्तकनगरात माझ्या सासू-सासऱ्यांना होतं, कल्याणजवळ मोहने गावात माझ्या माहेरच्या अख्ख्या चाळीला होतं. चाळीच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालासुद्धा. आणि मी एकटी टोरांटोच्या दुकानांतून आईसाठी वस्तू घेत फिरत होते. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मुळात मी त्या दिवशी तिथे असायलाच नको होते. तीन वर्षांनी घरी जाणार होते, तिकिटं दहा दिवस आधीची काढलेली. पण लेकीच्या शाळेत वर्ष संपायचा कार्यक्रम होता. लेक तेव्हा सहा वर्षांची. तिला सूर्यफूल केलेलं. एक शब्द बोलायचा नव्हता, नुसता पिवळा कागद तोंडाभोवती लावून उभं राहायचं. पण तिने रडून रडून घर डोक्यावर घेतलं आणि मी तारीख पुढे ढकलली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "ये गं सावकाश. मी कुठं पळून चाललेय?" मग चार दिवसांनी तिला ॲडमिट केलं. दादा म्हणाला, शुगर वाढलीय, सलाईन लावलंय, सोडतील दोन दिवसांत. माझा विश्वास बसला, शुगर तिची कायमच वाढलेली असायची. एका सूर्यफुलासाठी मी आईचं तोंड शेवटचं बघायचं घालवलं. हे काही मला कुणाच्या माथी मारता येत नाही. म्हणून बाकीचं सगळं मारत असते.

तर गुरुवारी सकाळी मी उठून किचनमध्ये आले, तर नवरा बाल्कनीत पाठमोरा उभा, हातात फोन. मला बघून म्हणाला, "आज सुट्टी टाकलीय." मी उडालेच. हा माणूस लेक झाली त्या दिवशीसुद्धा हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये लॅपटॉप उघडून बसलेला. मी म्हटलं, "अरे वा! आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" त्याचे डोळे लालभडक होते. ॲलर्जी म्हणाला. तिकडे जूनमध्ये हवेत कसला कसला कापूस उडतो, अर्धं गाव शिंकत असतं, त्यामुळे मला ते पटलं. आणि आतून बरंही वाटलं. म्हटलं, मी आणि पोरगी तीन महिने जाणार, हा एकटा राहणार, म्हणून बिचारा रडतोय आणि कबूल करत नाहीये. काय सांगू, दिवसभर मी जरा भावच खाल्ला त्याच्यापुढे.

चहा घेता घेता फोन बघितला. आमच्या चाळीचा एक ग्रुप आहे. मी तिकडे सकाळी उठेपर्यंत त्यावर साठ-सत्तर मेसेज पडलेले असायचे. जय भीम, गुलाबाची फुलं, कुणाच्या नातवाचा वाढदिवस, आणि पाणी. पाणी आलं का, कोणी मोटर लावली, कोणाच्या मोटरमुळे कोणाचं पाणी गेलं. रोज संध्याकाळी पाचला नळ येतो आणि पाच ते सहा ग्रुपवर नुसती जुंपलेली असते. त्या दिवशी दुपारी चारनंतर शुकशुकाट. पाण्यावरून एक अक्षर नाही. फक्त एक मेसेज होता, आमच्या शेजारच्या मावशीचा, तो टाकून लगेच डिलीट केलेला. तुम्हाला माहितीय, डिलीट केला तरी खूण राहते.

ही मावशी म्हणजे सख्खी मावशी नाही. आईची पन्नास वर्षांची शेजारीण, भिंतीला भिंत. मी तिला वेगळा मेसेज केला, "काय डिलीट केलंस गं मावशी? कोणाची चहाडी?" उत्तर आलं, "चुकून हात लागला बाळा. जपून ये." बाळा वाचून मला हसू फुटलं. ही बाई मला जन्मभर "ए भवाने" म्हणत आली. मी नवऱ्याला दाखवलं, "बघ, मी येतेय म्हटल्यावर मावशी पण मऊ पडलीय." तो "हं" म्हणाला आणि कप विसळायला घेऊन गेला. माझा कप अजून अर्धा भरलेला होता.

साडेनऊला मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळचे सात. दादा चाळीच्या बाहेर रस्त्यावर उभा होता, मागे बंद पडलेल्या कंपनीची लांबच लांब भिंत. बाबा त्याच कंपनीत होते, आम्ही दोघं त्या भिंतीच्या कडेने शाळेत जायचो. मी विचारलं, "घराबाहेर काय करतोयस? हॉस्पिटलला नाही गेलास?"

"आईला घरी आणलंय," तो म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. "मग दे की तिला."

"झोपलीय."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "मग उठवू नकोस. झोपू दे. परवा येतेच आहे मी, मग काय, बोलबोल बोलू." दादाचा चेहरा वेडावाकडा झाला. मला वाटलं, नेटवर्क. तिकडे आवाज तुटत होता, मागून बायकांचं काहीतरी ऐकू येत होतं, तेही मला पाण्याचंच भांडण वाटलं. तो म्हणाला, "ताई..." मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान आहे, तो मला कधी ताई म्हणत नाही. मी म्हटलं, "काय रे?" तर म्हणाला, "काही नाही. छत्री हँडबॅगेत ठेव." आणि फोन ठेवला.

इतकं सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. लोक मला हुशार समजतात. कप्पाळ माझं.

मग खरेदी. आईला मला एकच वस्तू न्यायची होती. तिचे गुडघे गेलेले. दर रविवारी ती विहारात वंदनेला जायची, चाळीपासून फार लांब नाही, पण चढ आहे. अर्ध्यात दम लागला की रिक्षा स्टँडवर कुठल्यातरी रिक्षात जाऊन बसायची आणि रिक्षावाल्याला वाटायचं भाडं आलं. एकदा एकाने तिला थेट शहाड स्टेशनला नेऊन सोडलं. तिकडे टोरांटोत म्हाताऱ्या बायका एक चार चाकांचा वॉकर ढकलत फिरतात. त्याला ब्रेक असतो, पुढे पिशवी असते आणि मधे चक्क बसायला सीट. दमलं की जिथल्या तिथे ब्रेक लावून बसायचं. मी तीन वर्षं त्या बायकांकडे बघत होते आणि दर वेळी मनात म्हणत होते, हे आईला पाहिजे.

नवऱ्याने आठवडाभर आधी याला विरोध केलेला. विमानात कसा नेणार, अमुक वजन होणार, कल्याणमध्ये मिळत नाही का, वगैरे. त्या दिवशी एक शब्द नाही. दुकानात गेलो, मी निळा उचलला, मग म्हटलं नको, निळा मळकट दिसेल, लाल घेऊ. तो म्हणाला, "निळाच घे. तिला निळा आवडतो." मी त्याच्याकडे बघतच राहिले. याला माझ्या आईचा आवडता रंग माहितीय, हे मला लग्नाला दहा वर्षं होऊन पहिल्यांदा कळत होतं.

घरी आणला तर हॅंडल फार उंच. माझी आई म्हणजे चार फूट दहा इंच, तेही अंबाडा धरून. मी म्हटलं, "अरे, हे कमी कर. नाहीतर ती लोंबकळेल त्याला." तो खाली फरशीवर बसला, पाना घेतला आणि स्क्रू सैल करायला लागला. मी समोर उभी राहिले आईसारखी, गुडघे वाकवून, पोक काढून. लेकही माझ्या बाजूला पोक काढून उभी राहिली. आम्ही दोघी हसून हसून बेजार. "अजून खाली," मी म्हणत होते, "अजून. हां, आता बरोबर." त्याने ते मापात आणलं, स्क्रू पक्के केले, ब्रेक दाबून बघितला, चाकांवरून हात फिरवला. तासभर गेला असेल. मान वर केली नाही. मी म्हटलं, "जावई असावा तर असा."

या एका गोष्टीवरून मी पुढे त्याच्याशी जेवढी भांडले तेवढी कशावरूनच भांडले नाही. "तू ते कसं करू शकलास? ती नव्हती तेव्हा! तुला माहीत होतं ती नव्हती!" तो म्हणाला, "तू माप सांगत होतीस ना." 

दुपारी वरणभात खाल्ला. बॅगा बंद केल्या. आईसाठी दोन स्वेटर, पायाला लावायचं मलम, चाळीतल्या पोरांना चॉकलेटं. निघताना मी घरभर फिरून त्याला सूचना देत होते, झाडांना पाणी घाल, फ्रिजमधली आमटी दोन दिवसांत संपव, आईला दर रविवारी एक फोन कर, मी तिथे असले तरी कर, तिला बरं वाटतं. तो सगळ्याला हो म्हणत होता. एअरपोर्टवर आत जाताना त्याने आम्हा दोघींना जवळ घेतलं आणि ढसाढसा रडला. लोक बघायला लागले. माझं तोंड भारी फटकळ. मी म्हटलं, "काय हे, मरायला चाललेय का मी? आईकडे चाललेय!"

विमानात बसल्यावर मी काय केलं सांगू? सिनेमा बघितला. विनोदी. लेकीने आणि मी एकच सिनेमा लावला, दोघींनी एकदमच बटण दाबलं म्हणजे तो दोन्ही पडद्यांवर एकाच वेळी चालेल, आणि दोघी फिदीफिदी हसत होतो. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं इतकं हसत होतो. नंतर मी वेळा लावून बघितल्या. नको तेच करते मी, माहितीय. तेव्हा मोहन्यात सकाळचे दहा वाजलेले. आईला उचलली ती वेळ.

मधल्या एअरपोर्टवर चार तास होते. घरी फोन लावला, कोणी उचलला नाही. दादाचा मेसेज आला, मी घ्यायला येतोय. मी लिहिलं, कशाला, टॅक्सीने येईन, तू आईजवळ थांब. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

मुंबईला पहाटे उतरलो. बाहेर दादा होता, दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. लेकीला कडेवर घेतलं आणि तिच्या खांद्यात तोंड लपवलं. मी म्हटलं, "काय रे, आई कशी आहे?" तर म्हणाला, "आयसीयूत हलवलंय पुन्हा."  म्हटलं, "मग आधी हॉस्पिटलला चल." तो म्हणाला, "आधी पोरीला वर्तकनगरला सोडू." तेही बरोबरच होतं. गाडीत मी बोलत होते. घाबरले की मला तोंड बंद ठेवता येत नाही. वॉकर टपावर बांधलेला. मी त्याचे ब्रेक कसे लागतात ते दादाला समजावत होते. मुलुंडपर्यंत तेच. तो पुढे बघून गाडी चालवत होता, मधूनच "हो का" म्हणत होता.

वर्तकनगरला सासूबाईंनी दार उघडलं. मी त्यांना मम्मी म्हणते. एरवी मी आले की मम्मींचं पहिलं वाक्य, "किती वाळलीस!" त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. लेकीला आत नेलं. मला खुर्चीवर बसवलं आणि ग्लासभर पाणी हातात दिलं. "आधी पाणी पी," म्हणाल्या.

आमच्याकडे वाईट बातमीच्या आधी पाणी देतात. बाबा गेले तेव्हा मला असाच ग्लास दिलेला, मी कॉलेजातून आलेले. मी ग्लासकडे बघितलं. दादाकडे बघितलं. तो दारातच उभा होता, चपला काढल्या नव्हत्या. मी विचारलं, "कधी?"

"परवा," तो म्हणाला. "दुपारी चारला."

"आणि नेली कधी?"

"काल सकाळी."

ग्लास मी फेकला असं मम्मी सांगतात. मला आठवत नाही.

तिथून मोहन्यापर्यंत मी दादाशी एक शब्द बोलले नाही. घरात गेले तर पुढच्या खोलीत सतरंजी, बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्ती, बाबासाहेबांच्या फोटोखाली आईचा फोटो. माझ्याच लग्नातला, कापून मोठा केलेला. तिच्या खांद्यावर माझी बोटं दिसत होती. पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसलेल्या. मला बघून सगळ्या रडायला लागल्या आणि मला रडू येईना. मला नुसता संताप आलेला. असा संताप, की दात एकमेकांवर आपटत होते.

मी दादाला धरलं. "एक दिवस! एक दिवस थांबला असतात तर तुमचं काय गेलं असतं? बर्फाच्या पेट्या मिळत नाहीत कल्याणात? आणि फोन? फोन काय फक्त फुलं पाठवायला घेतलेत सगळ्यांनी? मी फोन केलेला ना तुला? तुझ्यापासून दहा पावलांवर होती ती. मला तोंड दाखवायचंस. नुसतं एकदा दाखवायचंस! मी झोपू दे म्हणाले रे तिला. तू मला तसं म्हणू दिलंस!" वहिनी मधे पडली तर तिलाही बोलले, तुझी आई असती तर, असलं काहीतरी. नाही ते बोलले. दादा भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला, तरी माझं तोंड थांबेना.

तेव्हा मावशी उठली. तिचेही गुडघे गेलेलेच, भिंत धरून उठली. "ए भवाने," म्हणाली, "गप बस. त्याला बोलू नको. त्यानं काही केलेलं नाही. तुझ्या आईनं सांगितलेलं सगळं."

मग तिने मला आतल्या खोलीत नेलं, पलंगावर बसवलं आणि सांगितलं. आईला म्हणे दोन दिवस आधीच कळलेलं. शुगर नव्हती, किडन्या गेलेल्या. बुधवारी सकाळी तिने दादाला, वहिनीला, मावशीला पलंगाजवळ बोलावलं आणि फोनवर माझ्या नवऱ्याला घेतलं. म्हणाली, "माझं काही झालं तर तिला तिथं सांगायचं नाही. मोबाईलवर दाखवायचं नाही. माझ्यासाठी कोणी थांबायचं नाही, पेटीत घालून ठेवायचं नाही. एकटी येणारेय ती पोरीला घेऊन. हसत येऊ दे." जावयाला वेगळं म्हणाली, "तुम्ही तिला कळू देऊ नका हां. ती लई भोचक आहे, डोळ्यांत बघून ओळखते." आणि सगळ्यांकडून वचन घेतलं, एकेकाचा हात हातात धरून. नवऱ्याने फोनवरच दिलं.

"का पण?" मी म्हटलं. "असं का?"

 मग मावशीने मला माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. आईचे वडील गेले तेव्हा आई तेवीस वर्षांची होती, मोहन्यात येऊन दोन वर्षं झालेली, दादा सात महिन्यांचा. निरोप कंपनीच्या गेटवरच्या फोनवर आला. बाबा ड्युटीवर, आत. निरोप घेऊन चाळीत आली ती मावशी. "मीच सांगितलं तिला," मावशी म्हणाली. "तोंडावर. तुझा बाप गेला म्हणून. ती भाकरी थापत होती. अक्कल नव्हती गं मला, मी पण तेवढीच होते." आई तशीच निघाली. पोराला कडेवर घेऊन कल्याण डेपोतून एसटीत चढली, नगरकडच्या गावाला. माळशेज घाट उभ्याने. जागा कोणी दिली नाही, मग कोणीतरी दिली, आणि सगळी गाडी वळून वळून बघत होती. ती रडायची थांबेना. पोर रडायचं थांबेना, दूध सुटेना. कंडक्टर म्हणाला, बाई, जरा आवाज कमी करा, लोकांना त्रास होतोय. मग तिने पदराचा बोळा तोंडात घातला आणि तशी बसली, गाव येईपर्यंत. पोचली तर सगळं आटोपलेलं.

"ती म्हणायची," मावशी म्हणाली, "तोंड तर दिसलंच नाही. मग रस्ताभर मला कशाला रडवलं? पोरीला रडायचंय ते माझ्या घरात रडू दे. लोकांत नको."

आईने मला हे कधी सांगितलं नव्हतं. आजोबा गेले तेव्हा पोचता आलं नाही एवढंच माहीत होतं. पदराच्या बोळ्याचं मला माहीत नव्हतं.

आता मी कोणावर चिडायचं? दादा सुटला, नवरा सुटला, वहिनी सुटली, चाळ सुटली. उरली आई. मी त्या पलंगावर बसून आईवर चिडले, मनातल्या मनात, अगदी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, मला विचारायचंस ना. एसटी तुझी होती, विमान माझं होतं. मला रडायचं होतं. बावीस तास, त्या अनोळखी माणसांत, पुढच्या सीटवरच्या बाईच्या पाठीवर डोकं आपटून रडायचं होतं. मला हसत आणलंस तू. मला ते नको होतं. आणि मग रडू आलं ते दोन दिवस थांबलंच नाही, आणि तिने सांगितलेलं तसंच झालं, तिच्याच घरात, तिच्याच पलंगावर. याचासुद्धा मला राग आला.

वॉकर मी मावशीला दिला. ती त्यावर बसत नाही, भाजी ठेवते.

आम्ही आता डोंबिवलीला असतो, तिकडचं सगळं गुंडाळून आलो. नवऱ्याशी वर्षभर मी नीट बोलले नाही. दादाची माफी मागितली. दादा म्हणाला, जाऊ दे गं. पण माझा राग गेलेला नाही. कोणाच्याही घरी कोणी गेलं आणि लोक कुजबुजायला लागले, मुलाला इतक्यात सांगू नका, तो प्रवासात आहे, की मी मधे पडते. म्हणते, सांगा, आत्ता सांगा, त्याची आई आहे ती. बायकांना माझी ही सवय आवडत नाही. पाठीमागे बोलतात.

यंदा दिवाळीनंतर माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, ठाण्याला नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये. साधं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी. पण तारीख नेमकी लेकीच्या सहलीत आली. लेक आता अकरा वर्षांची, शाळेची सहल राजस्थानला, ट्रेनने. तिने जायचं नाही म्हणून तोंड पाडलं, मी म्हटलं, जा गं, मला काय धाड भरलीय.

तारीख नक्की करून डॉक्टरांकडून स्टेशनला रिक्षाने येत होतो, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "एक ऐकून ठेव. मला काही झालं ना, तर तिला लगेच सांगायचं. त्याच मिनिटाला. कुठेही असली तरी. फोनवर माझं तोंड दाखवायचं. ते वचन-बिचन काही चालणार नाही इथे. कळलं?"

 तो म्हणाला, "परतीच्या ट्रेनमध्ये असली तर?"

"तरी."

"पूर्ण एक दिवस आहे तो प्रवास. डब्यात पन्नास पोरं असतील, टीचर असतील. आपल्यापैकी कोणीच नसेल. तरी सांगू?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. मला ती दिसली, खिडकीपाशी, दोन वेण्या, मांडीवर वेफर्सचं पाकीट, शेजारणीशी काहीतरी फालतू बोलून हसणारी.

"नको," मी म्हणाले. "घरी पोचू दे तिला. मग सांग."